किनाऱ्याचा पहारा : त्रिरश्मी लेण्यांच्या आधारे एक इतिहासपाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

दमणगंगेच्या खोऱ्यातील एका डोंगराळ गावच्या शाळेस भेट देण्याचा प्रसंग आला असता सातवीच्या वर्गात प्राचीन व्यापारावरील पाठ चालू होता. फळ्याशेजारी एक चित्र टांगले होते. समुद्राच्या कड्यावर उभारलेला रोमन शिपायांचा टेहळणीचा मनोरा त्यात दाखविला होता. रोमन साम्राज्यातील गलबते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर माल घेऊन येत, असे गुरुजींनी सांगताच एका मुलीने उभे राहून विचारले, "गुरुजी, मग आपल्या किनाऱ्यावर पण त्यांची अशी चौकी होती का?" गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "असेल." मी मागे बसलो होतो. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी मलाही याहून नीट उत्तर सुचले नाही.

प्रश्न मात्र उत्तम होता. इतिहासाच्या तासाला "असेल" हे उत्तर देऊन भागत नाही. जे आहे त्याचा पुरावा दाखवावा, आणि जे नाही ते का नाही हे सांगावे, एवढी अपेक्षा मुलांनी आपल्याकडून करणे रास्त आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, पंचवटीपासून आठदहा किलोमीटरांवर, त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत कोरून ठेवलेले आहे. ते वर्गात कसे मांडावे, याचे टाचण पुढे देत आहे.

१. रोमन चौकी कशी असे?

प्रथम चित्रातील वस्तू काय आहे ते समजून घेऊ. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायर परगण्यात, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमनांनी समुद्राकडे तोंड करून टेहळणीच्या चौक्यांची एक रांग उभारली. स्कारबरो, फाइली, रेव्हन्सकार, गोल्ड्सबरो व हंटक्लिफ येथे त्यांचे अवशेष मिळाले आहेत. मध्यभागी चौकोनी दगडी मनोरा, त्याभोवती भिंतीचे आवार आणि भिंतीबाहेर खंदक अशी त्यांची साधी रचना होती. समुद्रातून येणाऱ्या लुटारूंवर नजर ठेवणे हे तेथील शिपायांचे काम. रेव्हन्सकार येथे १७७४ साली सापडलेल्या शिलालेखात बांधणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. गोल्ड्सबरोच्या मनोऱ्यात माणसांचे सांगाडे मिळाले आणि त्यांच्याजवळ एका मोठ्या कुत्र्याचाही सांगाडा मिळाला. पहाऱ्यावरील माणसे आपल्या जागीच संपली, एवढे त्यावरून कळते.

आज या चौक्यांचे पाये तेवढे उरले आहेत, आणि तेही सर्व उरलेले नाहीत. कडा ढासळत गेल्यामुळे स्कारबरोच्या चौकीचा पूर्वेकडील भाग समुद्राने नेला. हंटक्लिफची चौकी तर पूर्णपणे समुद्रात गेली. अवशेष एकदा सापडला म्हणजे तो कायम राहतो, असे मुळीच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पाठाच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

रोमन शिपायांचा पहारा आपल्या दिशेने कोठवर आला होता? तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात फरसान नावाची बेटे आहेत. तेथे मिळालेल्या लॅटिन शिलालेखावरून इ. स. १४४ च्या सुमारास तेथे रोमन सैन्याची एक तुकडी ठेवलेली होती असे दिसते. त्यापलीकडे, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर, रोमन सैन्याचे ठाणे किंवा चौकी असल्याचा पुरावा मिळालेला नाही. गलबते येथे येत, व्यापारी येत, नाणी आणि मद्याचे कुंभ येत. राज्य मात्र येथील राजांचे होते. मुलीच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग हा असा : नाही, रोमन चौकी येथे नव्हती.

२. मग किनारा कोण राखत होते?

उत्तराचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. चौकी रोमनांची नव्हती, याचा अर्थ किनारा मोकळा पडला होता असा नव्हे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने तांबडा समुद्र व हिंदी महासागर यांतील बंदरांची माहिती देणारे एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यास 'पेरिप्लस' म्हणतात. लेखकाचे नाव ज्ञात नाही, परंतु त्याची नजर कसलेल्या व्यवहारी माणसाची आहे. भडोच बंदराविषयी तो सांगतो की, नर्मदेच्या मुखाशी भरतीओहोटीचा जोर फार असून वाळूचे दांडे धोक्याचे आहेत, म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन खाडीच्या तोंडाशी हजर असतात. ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि परदेशी गलबतांना वाट दाखवीत, वेळप्रसंगी ओढीत, बंदरात आणतात. समुद्रावर डोळे लावून बसणारी आणि आलेल्या जहाजाला सामोरी जाणारी ही माणसे म्हणजे एक प्रकारची चौकीच होय. तिला दगडी मनोरा नव्हता, म्हणून तिचे अवशेष उरले नाहीत.

कल्याण बंदराविषयी याच पुस्तकात एक वेगळी नोंद आहे. पूर्वी ते कायदेशीर व्यापाराचे बंदर होते, पुढे सत्ता पालटली आणि तेथे मोठी अडवणूक सुरू झाली. एखादे ग्रीक गलबत चुकून तेथे शिरले तरी त्याला पहाऱ्यात घालून भडोचला नेण्यात येई. या दोन नोंदी मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवाव्यात. भडोचला राजाची माणसे गलबताला हात देऊन आत आणतात, कल्याणला आलेल्या गलबताला पहारा घालून दुसरीकडे वळवितात. दोन्ही ठिकाणी किनाऱ्यावर कोणाची तरी सत्ता जागी आहे. किनाऱ्याचे उत्पन्न कोणाच्या खजिन्यात जावे, यासाठी सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात झगडा चालू होता, त्याची ही पडछाया होय.

३. त्रिरश्मी डोंगरावरील साक्ष

आता आपण आपल्या लेण्यांकडे येऊ. लोक त्यांस पांडवलेणी म्हणतात. नावास आक्षेप नाही, परंतु ती पांडवांनी खोदली असे मुलांस सांगू नये. लेखांतच त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे दिले आहे. येथे २४ लेणी असून ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी राजे, व्यापारी व साधी माणसे यांनी दिलेल्या दानांतून खोदली गेली.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदात म्हणजे ऋषभदत्त याचा लेख आहे. हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. लेखात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. भरुकच्छ (भडोच), दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) येथे त्याने प्रवाशांसाठी निवाऱ्याची घरे बांधली, विहिरी व तळी खोदविली. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट नावांची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या.

येथे नकाशा उघडावा. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, दमणा म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पार नदी. दमणगंगा आणि पार या आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावून गुजरातच्या बाजूस समुद्राला मिळतात. सोपाऱ्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने भडोचकडे निघालेल्या प्रवाशाला एकामागून एक ज्या नद्या आडव्या येतात, त्यांतील सहा नद्यांची ही यादी आहे. दोन मोठ्या बंदरांमधील वाट चालती ठेवण्यासाठी केलेली ती व्यवस्था होती. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिच्या शाळेच्या खालून जी नदी वाहते, तिच्या मुखाजवळील नावेची नोंद सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी येथे कोरली गेली, हे तिला कळले पाहिजे.

भाषेच्या तासालाही या लेखांचा उपयोग होईल. फुकट नावेसाठी 'पुण्यतर' या अर्थाचा शब्द लेखात आहे, आणि नावेच्या उताराला 'तर' म्हणण्याची रीत मराठीतही आहे. त्याच लेण्यातील दुसऱ्या एका लेखात उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवलेल्या कायम ठेवीची नोंद आहे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. पाऊण या अर्थी लेखात आलेला शब्द 'पायून' असा आहे. आपण पावकीनिमकी शिकविताना जो शब्द रोज उच्चारतो, तो त्या दगडावर जवळजवळ जसाच्या तसा आहे.

गणितही तेथेच तयार आहे. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्यास २० आणि वर्षास २४० कार्षापण. लेखात वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत असे म्हटले आहे. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब बरोबर जुळतो. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण स्वतः सोडवून मग लेखातील आकडा पाहावा. दगडावरील माणूस खरे बोलत होता याचा पडताळा आपणच घेतला, हा आनंद पुस्तकातील तयार उदाहरणात मिळत नाही.

या ठेवीचा पहाऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. वाट सुरक्षित असेल, नदीवर नाव असेल, मुक्कामाला छप्पर आणि पाणी असेल, तरच विणकराचे कापड बंदरापर्यंत पोहोचते आणि तरच त्याची श्रेणी पिढ्यान्‌पिढ्या व्याज देण्याचा शब्द देऊ शकते. पहारा हा केवळ भाल्याचा नसतो.

एक सावधगिरी. या लेखात 'रामतीर्थ' हे नाव येते. पंचवटीतील मुले ते लगेच आपले रामकुंड समजतील. लेखातील रामतीर्थ शूर्पारकाचे, म्हणजे सोपाऱ्याचे आहे. आपल्या गावावरील प्रेमापोटीही पुराव्यास वाकवू नये, हे सांगण्यास ही चांगली संधी आहे.

परदेशी माणसांचा माग हवा असेल तर सतराव्या लेण्यात तो आहे. तेथील दाता इंद्राग्निदत्त स्वतःस उत्तरेकडील यवन म्हणवितो. ग्रीक व त्यांच्यासारख्या परदेशीयांस आपले लोक यवन म्हणत. म्हणजे यवन या डोंगरावर आले होते, पण आले ते दानकर्ते म्हणून.

४. घाटमाथ्यावरील चौकी : नाणेघाट

किनाऱ्यावरून देशावर चढणाऱ्या वाटांची राखण कशी होती, याचा सर्वांत बोलका अवशेष पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ नाणेघाटात आहे. कल्याणकडील कोकणपट्टीतून वर येणारी ही अरुंद खिंड. तिच्या तोंडाशी सातवाहनकाळातील एक कोरीव दालन आहे, आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि वर आल्यावर एक दगडी रांजण दिसतो. या रांजणात घाटातून जाणाऱ्यांकडून जकात जमा करीत, अशी परंपरा आहे. माथ्यावर उभे राहिले असता खालचे कोकण दूरवर दिसते. पहाऱ्यास याहून सोईची जागा कोणती?

दालनाच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिच्या काळचा मोठा लेख असून त्यात यज्ञांची व दानांची नोंद आहे. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. १८२८ साली विल्यम साइक्स याने हे दालन पाहिले. आज त्या मूर्तींपैकी पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे एवढेच शिल्लक आहे. सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे वाचता येतात, चेहरे मात्र कोणाचेच पाहता येत नाहीत.

वर्गात येथे थोडे थांबावे. यॉर्कशायरच्या चौकीचा पाया उरला आणि नाणेघाटात नावे उरली. भडोचच्या कोळ्यांचे तर एका परदेशी माणसाने लिहिलेल्या चार ओळींखेरीज काहीच उरले नाही. अवशेष म्हणजे केवळ दगड नव्हे. पाण्याचे टाके, नावेची नोंद, व्याजाचा दर, भाषेत टिकलेला एखादा शब्द, हेही अवशेषच होत.

५. पाठाची मांडणी

हा पाठ तीन तासिकांत घ्यावा. पंचवटी व नाशिक परिसरातील शाळांनी तिसरी तासिका प्रत्यक्ष लेण्यांवर घ्यावी.

पहिली तासिका. रोमन चौकीचे चित्र दाखवून प्रश्न विचारावा : अशी चौकी कोठे बांधाल? मुले उंच जागा, पाणी, रस्ता, दूरवर दिसणारा प्रदेश ही कारणे स्वतःच सांगतील. ती फळ्यावर लिहून ठेवावीत आणि नाणेघाटाचे वर्णन सांगून त्यांच्याशी ताडून पाहावीत.

दुसरी तासिका. महाराष्ट्र व गुजरातचा नकाशा पसरून सोपारा, कल्याण, डहाणू, भडोच, नाशिक व जुन्नर ही स्थळे शोधावीत. लेखातील नद्या निळ्या खडूने काढाव्यात. नकाशा नसेल तर अंगणात खड्यांनी आखावा. त्यानंतर व्याजाचे उदाहरण सोडवून घ्यावे.

तिसरी तासिका. लेण्यांवर क्रमांक दहा, क्रमांक तीन आणि एखादे पाण्याचे टाके एवढेच नीट पाहावे. चोवीसही लेणी धावत पाहण्यात अर्थ नाही. डोंगरावरून खालच्या रस्त्याकडे पाहावयास सांगावे. आजचा मुंबई–आग्रा महामार्ग पायथ्याशी आहे. वाटेजवळ लेणे का, हे मुलांना न सांगता कळेल.

दूरच्या शाळांनी खिन्न होण्याचे कारण नाही. प्रत्येक गावाच्या शिवारात वाटेची राखण करणारे काही ना काही असतेच. जुनी धर्मशाळा, बारव, नदीचा उतार, घाटातील चौथरा किंवा पडका बुरूज यांपैकी एकाची पाहणी करावी, त्याचे माप घ्यावे, चित्र काढावे आणि गावातील वृद्धांस त्याची माहिती विचारावी. वृद्धांनी सांगितलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले अशा दोन वेगळ्या याद्या कराव्यात. याच दोन याद्या वेगळ्या ठेवण्याची सवय म्हणजे इतिहासाचा अभ्यास.

६. अवशेषांची जपणूक

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापुढे मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाच्या क्षहरात कुळाचा पाडाव केला. आपल्या सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूचे नाणे त्याने आपले केले. पूर्वी उषवदाताकडे असलेले एक शेत त्याने भिक्षूंना दान दिले, त्याची नोंद तिसऱ्या लेण्यात आहे. परंतु थोड्याच अंतरावर, दहाव्या लेण्यात, उषवदाताचा लेख आजही उभा आहे. विजेत्याने पराभूताचे नाव पुसले नाही. नावेची, पाणपोईची व निवाऱ्याची ती नोंद त्याच्या राज्यातही राहिली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली.

जे शत्रूने केले नाही ते सहलीला आलेल्या मुलाने खिळ्याने आपले नाव कोरून करावे काय? प्राचीन स्मारकांची नासधूस हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तर सांगावेच, पण कायद्याआधी वरील गोष्ट सांगावी. ती मुलांच्या मनात अधिक काळ राहील. लेखावर हात फिरवू नये, खडू घासून अक्षरे उठवू नयेत, टाक्यात काही टाकू नये. नांगरताना वा पाया खणताना जुने नाणे किंवा वस्तू मिळाल्यास ती सोनारास विकू नये. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. पालकांच्या सभेतही शिक्षकांनी हे सांगावे.

स्वाध्याय

(१) इंग्लंडच्या किनाऱ्यावरील रोमन चौकी व नाणेघाट यांत साम्य कोणते व भेद कोणते?
(२) भडोच व कल्याण येथे परदेशी गलबतांना मिळणाऱ्या वागणुकीत फरक का होता?
(३) १,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण दराने वर्षाचे व्याज किती? (उत्तर : ९०)
(४) आपल्या गावातून वाहणारे पाणी शेवटी कोणत्या समुद्रास मिळते ते नकाशावर दाखवा.
(५) आपल्या शिवारातील एका जुन्या बांधकामाचे पाच ओळींत वर्णन करा. पाहिलेले व ऐकलेले वेगळे लिहा.

समारोप

ज्या शाळेतून या पाठाची सुरुवात झाली, तेथे मी पुढील भेटीत गेलो तेव्हा त्या मुलीस तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. नाही, रोमन शिपाई येथे पहाऱ्यास नव्हते. खाडीच्या तोंडाशी आपले कोळी होते, नद्यांवर आपले नावाडी होते, घाटावर जकातीची माणसे होती, आणि तुझ्या दमणगंगेवर फुकट नाव होती. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे गुरुजी, आमच्या नदीचं नाव तिथं लिहिलंय?" मी होय म्हणालो. तिच्या गुरुजींनी त्या वर्षीची सहल त्रिरश्मीस नेण्याचे तेथेच ठरविले.

आपल्या प्रत्येक वर्गात असा एखादा प्रश्न दबलेला असतो. तो विचारला जाईल तेव्हा "असेल" म्हणून तो संपवू नये, पुराव्यापर्यंत घेऊन जावा, एवढीच विनंती.